एन-222, डोरो खोरं: रस्ता उत्तमच, पण पिन्यांवकडून सुरू करा

पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातला रेग्वा ते पिन्यांव हा 27 किलोमीटरचा तुकडा एव्हिस या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने 2015 साली जगातला सर्वोत्तम ड्राइव्ह ठरवला. वळणं मोजून 93. रस्ता त्या तोडीचा आहेच. डांबर चांगलं, चढ-उतार सौम्य, नदी शेवटपर्यंत सोबत. मात्र बहुतेक जण सकाळी पोर्तोहून निघतात, रेग्वाला पूल ओलांडतात, पिन्यांवपर्यंत जातात, तिथे वाइन चाखतात आणि संध्याकाळी परततात. या क्रमाने केलं तर रस्त्यातली निम्मी मजा हातची जाते.

कारण साधं आहे. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि हा रस्ता नदीच्या दक्षिण काठाने जातो. रेग्वाहून पूर्वेला निघालं की नदी डाव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्या लेनच्या पलीकडे राहते. फोटोसाठी थांबायचं तर वळणावर ती लेन कापावी लागते, आणि सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. पिन्यांवहून पश्चिमेला निघालं की नदी उजवीकडे, अगदी शेजारी बसलेल्याच्या खिडकीशी. थांब्यावर गाडी सरळ बाजूला घेता येते, सूर्य पाठीशी असतो. समोरच्या काठाचे उतार दक्षिणाभिमुख असल्यामुळे ते उजळून निघालेले दिसतात.

म्हणून पिन्यांवला आदल्या संध्याकाळीच पोचावं. पोर्तोहून ए-4 ने विला रिआल, तिथून एन-322 ने साब्रोझा आणि एन-323 ने खाली पिन्यांव. एकूण साधारण दोन तास. वाटेत मराँव डोंगराखालचा 5.6 किलोमीटरचा बोगदा लागतो. तो 2016 साली सुरू झाला आणि 2025 पासून त्याचा टोलही गेला, पण पोर्तो ते अमारांते या टप्प्यावर टोल आहे. गाडी घेताना टोलचं यंत्र बसवलेलं आणि चालू आहे ना, हे विचारून घ्या. साब्रोझानंतरचा उतार वळणावळणांचा आहे. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरावं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापतात.

पिन्यांवला मुक्काम करण्याचं खरं कारण पोर्ट वाइन. ही वाइन आंबत असतानाच तिच्यात सुमारे 77 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. त्याने आंबणं अर्ध्यावर थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. म्हणजे ‘थोडी-थोडीच तर चाखली’ हा हिशेब इथे फसतो. पोर्तुगालमध्ये चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे, परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर 0.2. किंता दो बोंफिमसारखी वाइनरी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गाडी लावून टाका, आगाऊ वेळ घेऊन पायी जा, रात्री झोपा, सकाळी चालवा. चालवणाऱ्यालाही निवांत चाखता येईल असा हा एकच क्रम आहे. जाता-येता स्टेशनच्या भिंती बघाच: 1937 साली बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर इथल्या द्राक्षतोडणीची चित्रं आहेत.

सकाळी आधी वर डोंगरावरच्या काझाल द लोइव्हुश या गावाला जाऊन या. काही किलोमीटरचाच चढ, पण अरुंद. मोठी गाडी घेतली असेल तर समोरून ट्रॅक्टर आल्यावर मागे घ्यावी लागते, तेव्हा लहान गाडीच बरी. वरून नदीचं अख्खं वळण दिसतं. मग खाली येऊन लोखंडी पुलाने नदी ओलांडायची आणि उजवीकडे वळायचं. इथून एन-222.

आता समोरच्या डोंगराकडे नीट बघा, कारण तिथे तीन काळांची शेती एकाशेजारी एक दिसते. अगदी जवळजवळ बसलेल्या दगडी पायऱ्या सर्वांत जुन्या. या भिंती कोकणातल्या गडग्यासारख्या, चुना-सिमेंटशिवाय नुसत्या रचलेल्या. दगड शिस्टचा, पापुद्रे सुटणारा. बोटाने उचकला तरी कडेचा पातळ तुकडा हातात येतो. याच भेगांतून वेलींची मुळं पाण्यासाठी खोल जातात. काही पायऱ्या ओसाड, झुडपांनी भरलेल्या दिसतील. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने मुळं खाल्ली, त्यानंतर त्या पुन्हा लावल्याच नाहीत. रुंद, भिंतीऐवजी मातीचा उतार असलेल्या पायऱ्या ट्रॅक्टरसाठी केलेल्या, 1970 नंतरच्या. आणि जिथे ओळी पायऱ्यांशिवाय सरळ वरून खाली उतरतात ती तिसरी पद्धत. 1756 साली सीमा आखून दिलेल्या या वाइन-प्रदेशाला युनेस्कोने 2001 साली जागतिक वारशाचा दर्जा दिला तो या माणसाने घडवलेल्या डोंगरांसाठीच.

मध्यावर फोल्गोझाला धक्क्यापाशी थांबायला बरी जागा आहे. पुढे रेग्वाच्या अलीकडे धरण लागतं. पाणी इतकं संथ आणि आरशासारखं का, याचं उत्तर ते धरणच. पूर्वी या नदीत जीवघेणे खळाळ होते. बोट लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणाऱ्या धरणालगतच्या कप्प्यात, शिरताना दिसली तर थांबा, सुमारे 28 मीटरची उंची ती डोळ्यांदेखत पार करते. न थांबता हा रस्ता पाऊण तासात संपतो. तीन तास द्या.

चुका होतात त्या लहानसहान गोष्टींत. पंपावर ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल. नावं सारखी वाटून उलटं इंधन भरलं जातं. गावांत 50 ची मर्यादा आहे आणि काही ठिकाणी वेग वाढला की सिग्नल आपोआप लाल होतो. गिअरची गाडी डाव्या हाताला सवयीची, इथे गिअर उजव्या हाताला. ऑटोमॅटिक हवी तर बुकिंग करतानाच सांगा. आपल्या परवान्यासोबत आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट लागेल, ते एक वर्ष चालतं. डिकीत त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे का बघा, दोन्ही सक्तीचं आहे.

जेवणाची वेळ पाळा. दुपारी तीननंतर गावातली स्वयंपाकघरं बंद होतात. टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर परत पाठवा. शाकाहाऱ्यांनी ‘काल्दो व्हेर्द’ सूप मागवताना ‘सें कार्न’ (मांसाशिवाय) म्हणावं, नाहीतर वर सॉसेजची चकती येते. बाकी सूप ‘बटाटा’ आणि ‘कोव्ह’चं. बटाटा, कोबी आणि पाव हे तिन्ही शब्द आपल्याकडे आले ते याच भाषेतून.

जुलै-ऑगस्ट टाळा, पारा चाळिशी ओलांडतो. सप्टेंबरात तोडणी, रस्त्यावर द्राक्षांच्या ट्रॉल्या, वेग त्यांचाच. ऑक्टोबरअखेर पानं तांबूस होतात, तो काळ सर्वांत देखणा. हिवाळ्यात मात्र सकाळी खोऱ्यात धुकं भरतं. तेव्हा निघायला अकरा वाजू द्या.