पॉपिन्स बोल्ड: आठ महिने वापरल्यानंतर

खरं सांगायचं तर हा फॉन्ट फुकट मिळतो म्हणून घेतला होता. ओपन फॉन्ट लायसन्स (म्हणजे कोणीही मोफत वापरावा असा परवाना), थिनपासून ब्लॅकपर्यंत नऊ जाड्या, देवनागरी आणि लॅटिन एकाच फाइलीत. इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ सालचा फॉन्ट. वर्तुळं आणि सरळ रेघांचं हे भौमितिक वळण काही नवं नाही, पाउल रेनरचा फ्युचुरा हा तसाच लॅटिन फॉन्ट १९२७ चा. पण तो साचा देवनागरीला इतका अंगासरशी बसलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही.

कसं ते पाहायचं तर ‘ठ’ मोठा करून बघा. शिरोरेघेखाली छोटा दांडा आणि त्याला लटकलेलं गरगरीत वर्तुळ. ‘ठळक’ हा शब्द या फॉन्टात खरोखर ठळक दिसतो! रेघ सगळीकडे एकाच जाडीची वाटते, पण ते फसवं आहे. लॅटिन स्मॉल एन किंवा बी चारशे टक्के मोठा केला तर दिसतं, गोलाई उभ्या दांड्याला मिळते तिथे रेघ हळूच बारीक केली आहे. तसं केलं नसतं तर बोल्डमध्ये प्रत्येक सांध्यावर शाईची गाठ दिसली असती.

पोस्टर, मुखपृष्ठ, स्लाइडचा मथळा, बटणावरचे दोन शब्द इथे हा फॉन्ट राजा. मजकुराला मात्र नको. मी एकदा नऊ पॉइंटात अख्खं माहितीपत्रक बोल्डमध्ये लावलं, वर हौसेने छापूनही घेतलं. ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ आजूबाजूच्या काळ्यात बुडाली आणि ‘विशेष’चा ‘विशेप’ झाला. ‘राष्ट्रीय’बद्दल तर बोलायलाच नको. चूक माझीच.

दुसरी डोकेदुखी ओळींमधल्या अंतराची. मुळात हा फॉन्ट दोन ओळींत ऐसपैस जागा सोडतो, त्यामुळे दोन ओळींचा मथळा सुटासुटा दिसतो. इंग्रजी मथळा असेल तर अंतर बिनधास्त आवळता येतं. मराठीत आवळलं की वरच्या ‘मूळ’चा दीर्घ ऊकार खालच्या ‘कौल’च्या मात्रांवर जाऊन बसतो. मी प्रत्येक मथळा हातानेच जुळवतो, कधी कधी ऊकारवाला शब्दच ओळ बदलून टाकतो.

मराठी-इंग्रजी मिश्र मथळ्यात आणखी एक गोष्ट खटकायची. लॅटिन कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा बुटकी आहेत. देवनागरीची उंची जुळवली आहे ती लॅटिन स्मॉल बी, डी यांच्या उंच दांड्यांशी. म्हणजे स्मॉल अक्षरांतला इंग्रजी शब्द मराठीशेजारी छान शोभतो, पण सगळी कॅपिटल असलेलं लघुरूप आलं की ते खाली बसल्यासारखं वाटतं. मी ते अंदाजाने किंचित मोठं करतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

सध्या बोल्ड चार-पाच शब्दांपुरता, खालचा मजकूर दुसऱ्या, अक्षरांच्या पोटात जरा मोकळी जागा असलेल्या फॉन्टात. आणि मथळ्यात ‘ष’ असला की आधी एक प्रिंट काढून हातभर लांब धरून बघतो.