सांगलीत आठ महिने वापरलेली पॅसिव्ह चार-तारी बेस गिटार

पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट नसलेली बेस घ्यायची तर फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या पद्धतीचीच घ्या, एकाच दुभागलेल्या पिकअपची (तारेचं कंपन विजेत बदलणारी चुंबकी गुंडाळी). आठ महिन्यांनंतरही मत तेच आहे. फक्त दुकानात आवाजावर भाळू नका, आधी मान, म्हणजे तारांखालची लांब लाकडी पट्टी, बघा. आवाज ॲम्पवर सुधारता येतो. पिळलेली मान जन्मभर छळते.

एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे साधारण 0.3 मिमी, तर मान ठीक. मग सगळ्यात बारीक ‘जी’ तारेवर चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवून तो विझेपर्यंत ऐका. पाचव्या ते सातव्याच्या दरम्यान एखादा स्वर पटकन मरतो. हा मानेच्या स्वतःच्या कंपनाचा दोष, कुठल्याही सेटिंगने जात नाही. स्वर फारच लवकर मरत असेल तर दुसरा नग मागा.

दुसरा पर्याय जॅझ बेसचा, दोन पिकअपचा. तिची मान नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) 38 मिमी, बोटांना सोपी. पण तिचा एक व्हॉल्यूम कमी केला की सिंगल कॉइलची (एकेरी गुंडाळीच्या पिकअपची) घरघर सुरू होते. मंगल कार्यालयातलं अर्थिंग आणि लाइटिंगचे डिमर पाहता ती घरघर फार त्रास देते. प्रिसिजनचा 1957 पासूनचा दुभागलेला पिकअप ती जागेवरच मारतो.

पावसाळ्यात मान हलतेच. या गिटारची जुलैत पुढे वाकली, बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड ‘ई’ तारेची उंची 2.5 वरून 3 मिमीच्या वर गेली. पुलाचे (तारा जिथे बसतात त्या खालच्या भागाचे) स्क्रू फिरवायची घाई करू नका. आधी ट्रस रॉड (मानेच्या आतली, वाक सावरणारी लोखंडी सळई), घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग एक दिवस थांबून पुन्हा मोजा. पाना अडला तर जोर लावू नका, रॉड तुटला की मान गेली.

तार करकरते तेव्हा कुठे करकरते ते आधी शोधा. पहिल्या चार फ्रेटवर असेल तर मान जास्त सरळ झालीय. बाराव्याच्या वर असेल तर तार फार खाली बसलीय किंवा मान जास्त वाकलीय. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट उठलेला. शेजारी मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेला झणझण देणारी पुलाची घडण) कानाने लावणारे कारागीर आहेत, आणि तिथे तारेची ती झणझण हवीच असते. बेसवर तीच झणझण स्वराचा तळ खाते.

45-105 च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) निकेल तारा पुरे आहेत. बदलताना तार कापायच्या आधी काटकोनात वाकवा, नाहीतर आतली गाभातार आणि वरचा वेढा एकमेकांवर सरकतात आणि नवी कोरी तारही मेल्यासारखी वाजते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, उन्हाळ्यातला घाम तार लवकर खातो.

सगळ्यात मोठी चूक कार्यक्रमात होते. साउंडवाले केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडतात. तिथला इंपिडन्स (विद्युत अडथळा) पॅसिव्ह पिकअपला फार कमी पडतो आणि आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा येतो. लोक मग गिटारला दोष देतात. 1 मेगाओम इनपुटचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवणारी छोटी पेटी) मध्ये ठेवा आणि तिला वीज मिळावी म्हणून मिक्सरवर 48 व्होल्ट फँटम चालू करायला सांगा. गिटारपासून डीआयपर्यंतची केबल तीन मीटरच्या आत असू द्या. लांबी वाढली की केबलच वरचे स्वर गिळते.

केबल लावायच्या जॅकचा नट दोन महिन्यांत सैल होतो. पान्याने घट्ट करताना आतला जॅक बोटांनी धरून ठेवा, नाहीतर वायर पिळून तुटते.