मनगट गळालंय: कॉक-अप घ्यावा की डायनॅमिक स्प्लिंट?

रेडियल नर्व्हला (मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या, दंडातून येणाऱ्या नसेला) मार बसून मनगट लटकलं की दुकानदार दोन्ही स्प्लिंट पुढे ठेवतो: मनगट एका जागी उभं धरणारा साधा कॉक-अप, आणि वर तार व रबर असलेला, बोटं हलू देणारा डायनॅमिक. किंमत नंतर बघा. आधी डॉक्टरांना इजेचा दर्जा विचारा, कारण स्प्लिंट किती दिवस हाताला राहणार ते त्यावरच ठरतं. सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये केलेले नर्व्हच्या इजेचे तीन प्रकार अजूनही कामाचे आहेत. न्यूरोप्रॅक्सियात नर्व्हमधला तंतू शाबूत असतो, हात काही आठवड्यांत परततो. ॲक्झोनोट्मेसिसमध्ये तंतू आतून तुटतो, पण आवरण टिकतं. मग तंतूची पुन्हा वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर. दंडाच्या मध्यापासून मनगट उचलणाऱ्या स्नायूपर्यंत १०-१२ सेंटीमीटर धरा, म्हणजे तीन-चार महिने गेलेच. न्यूरोट्मेसिस, म्हणजे नर्व्हचे दोन तुकडे, तिथे ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

डायनॅमिकचा गुण खरा आहे. रबर बोटांना मुळाशी वर ओढतं, त्यामुळे पंजा उघडतो आणि मोठं नागपुरी संत्रं हातात मावतं. कॉक-अपमध्ये मनगट उभं राहतं, पण बोटं मुळाशी वाकलेलीच. तेच संत्रं दुसऱ्या हाताने आत बसवावं लागतं.

तरी माझा कल कॉक-अपकडे, आणि कारण एकच: डायनॅमिकची वरची तार. ती शर्टाच्या बाहीत अडकते, पिशवीच्या बंदात अडकते, नागपूरच्या इतवारी बाजाराच्या गर्दीत कुणाच्याही ओढणीत अडकते. लोक वैतागून तो काढतात आणि मनगट दिवसभर लटकत राहतं. शिवाय रबर सैल पडलं की ओढ तिरकी होते. ती बोटाच्या मुळाच्या हाडाला ९० अंशांतच हवी. थर्मोप्लास्टिकचा (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) असेल तर मे महिन्यात बंद कारमध्ये ठेवायची सोय नाही, आकारच बिघडतो. टेबलावर बसून काम असेल आणि थेरपिस्ट जवळ असेल, तर डायनॅमिक जमूनही जाईल.

कॉक-अप रेडीमेड चालतो, पण आतली ॲल्युमिनियमची पट्टी काढून मनगट २० ते ३० अंश मागे राहील अशी वाकवून घ्या. तळहाताकडची कड बोटांखालच्या शेवटच्या घडीच्या अलीकडेच संपली पाहिजे. पुढे गेली की मूठच वळत नाही, आणि मग सांधे आखडतात. आपल्याकडच्या घामाला सुती स्टॉकिनेटचे (स्प्लिंटखाली घालायच्या नळीसारख्या कापडाचे) दोन-तीन तुकडे ठेवा, रोज बदला. दिवसातून चार-पाच वेळा तो काढून दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं पूर्ण मागे न्यायचीच. हे चुकवलं तर नर्व्ह परतते, पण हात आखडलेला मिळतो.

ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नर्व्हची विजेची तपासणी) इजेनंतर तीन आठवड्यांच्या आत केली तर बहुतेक वेळा पुन्हा करावी लागते. तंतू तुटल्याच्या खुणा तोवर स्नायूत पुरत्या दिसत नाहीत. तीन-चार महिन्यांत मनगट उचलणारा स्नायू जराही हलला नाही, तर स्प्लिंट बदलत बसू नका, सर्जनकडे जा. दीड वर्षानंतर स्नायू नर्व्हला दाद देत नाही, मग टेंडन ट्रान्सफरच (चालू असलेल्या दुसऱ्या स्नायूचा टेंडन वळवून जोडण्याचं ऑपरेशन) उरतं.