खोडव्याचं रान दबलंय का? सळई, पेनेट्रोमीटर, नळी की कुदळ-खोरं

ऊस तुटून गेला की रानात ट्रॉलीच्या चाकांचे पट्टे उरतात. ओल असताना भरलेली ट्रॉली फिरली असेल, तर शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात पुढचा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पीक, नेमका त्या पट्ट्यात पिवळा आणि खुजा राहतो. नांगरट सोडायचं ठरवलेल्यांना इथेच कोडं पडतं: एकदा सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) घालावा, की काम मुळांवर आणि गांडुळांवर सोपवावं?

काहीही वापरा, मोजायचं वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. काळी माती सुकली की दगड होते, भिजली की लोणी. सुक्या रानातला आकडा बघून सबसॉयलर बोलवू नका.

पेनेट्रोमीटर म्हणजे शंकूच्या टोकाची सळई, वर डायल. सेकंदाला साधारण 3 सेंमी, अशा एकसारख्या वेगाने दाबत जायचं. 300 पीएसआय, म्हणजे जवळपास 2 मेगापास्कल दाबाच्या पुढे बहुतेक पिकांची मुळं अडखळतात. कडक थर किती खोलीवर सुरू होतो आणि कुठे संपतो, हे याच्यासारखं पटकन दुसरं काही सांगत नाही. सबसॉयलर घालायचाच असेल, तर त्याची खोली यावरूनच ठरवावी. शाहूवाडीकडच्या मुरमाड रानात मात्र टोक खड्यावर अडतं आणि आकडा फसवतो.

त्याहून मोठी अडचण विना-नांगरणीच्या रानात येते. तिथे माती कडक लागते, तरी मुळं जुन्या कुजलेल्या मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटांनी खाली उतरलेली असतात. शंकूला त्या वाटा सापडत नाहीत. म्हणून निव्वळ डायलवर विसंबून सबसॉयलर घालणं मला पटत नाही. पाचट ठेवून चार वर्षांत तयार झालेल्या वाटा तो एका दिवसात मोडतो.

त्यासाठी कुदळ-खोरं. पट्ट्यात एक आणि सरीत एक, दीड-दोन फुटांचे खड्डे काढा. कडेची माती हाताने फोडा. ढेकूळ गोलसर, सच्छिद्र आणि सहज फुटणारं असेल तर चिंता नाही. धारदार कडांचे आडवे पापुद्रे निघाले, मुळं एका पातळीवर आडवी वळली किंवा मातीला कुजकट वास आला, तर रान खरंच दबलंय. वेळ जातो, पाठ भरून येते. तरीही एकच निवडायचं झालं तर मी हेच निवडेन.

घरातली साधी लोखंडी सळई दाबून पाहिली तरी थर हाताला कळतो. आकडा मिळत नाही, पण खड्डे कुठे काढायचे ते ठरतं.

घनता मोजायची तर ठरावीक मापाच्या नळीत माती घेऊन 105 अंशांवर 24 तास वाळवतात आणि वजनाला नळीच्या आकारमानाने भागतात. भारी काळ्या मातीत घनसेंमीला सुमारे 1.4 ग्रॅमच्या पुढे मुळांना जड जाऊ लागतं. काळी माती ओलीवर फुगते, म्हणून दर वर्षी सारख्याच ओलीवर नमुना घ्यावा लागतो. चार-पाच वर्षांची नोंद ठेवायची असेल तरच हा खटाटोप करा.

पेनेट्रोमीटर एकट्याने विकत घेऊ नका, गटात एक पुरतो. आणि जे वापराल ते बांधाकडेच्या, ट्रॉली कधीच न गेलेल्या कोपऱ्यातही त्याच दिवशी वापरा. तुमच्या मातीचं मोकळेपण किती, ते तिथे दिसतं.