उद्यमबागजवळचा मोल्डिंग ऑपरेटर क्लास, भाच्याला घातला होता त्याचा अनुभव

भाचा खानापूरचा, बारावी करून घरीच बसलेला, म्हणून गेल्या पावसाळ्यात मीच त्याला नेऊन बेळगावात उद्यमबागजवळच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या (प्लास्टिक वितळवून साच्यात माल काढायच्या) क्लासला घातला. तीन महिने, फी 9 हजार. एक तक्रार पण लिहिणार आहे म्हणून क्लासचं नाव घेत नाही.

शिकवणं एक नंबर. मास्तर स्वतः बरीच वर्षं सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, होते, मराठीत सांगता सांगता गोकाक-बैलहोंगलच्या पोरांसाठी कन्नडात शिरतात, कोण मागं राहत नाही. मी एका दुपारी जाऊन बसलो होतो तर नायलॉनचे बुश काढणं चाललेलं, पीस बाहेर आला तर अंगभर चंदेरी रेघा, पोरं म्हणाली टेंपरेचर वाढवूया, मास्तरांनी तो पीस हातात घेऊन वाकवला आणि कट्कन मोडला. म्हणाले प्लास्टिकचा दाणा वाळवला नाही तुम्ही, हवेतलं पाणी पिऊन बसलाय तो, मशीनच्या गरम बॅरलमध्ये त्याची वाफ झाली की रेघा येणारच आणि मालात ताकद राहणार नाही. हॉपर, म्हणजे दाणा भरायचं नरसाळं, रिकामा करायला लावला, दाणा ड्रायरमध्ये 80 डिग्रीला चार तास. संध्याकाळी काढलेला बुश वाकला पण मोडला नाही, भाचा अजून तेच सांगत असतो.

रबरचं मात्र दोन दिवसात उरकलं, एका हँड प्रेसवर ओ-रिंग शिजवून दाखवली की झालं. आपल्या बेळगावात हायड्रॉलिकचा एवढा धंदा, ओ-रिंग आणि सील रोज लागतात, तिथं एवढं कमी शिकवणं मला अजिबात पटलं नाही.

आता तक्रार. 100 टक्के प्लेसमेंट म्हणतात ते म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन नंबर. त्यानं भाच्याला एका युनिटमध्ये लावला, रोज बारा तास, वरच्या तासांचे पैसे साध्या दरानं, आणि पहिल्या पगारात पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी आजारपणाचा विमा) नाही. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, ईएसआयला पोराचे फक्त 0.75 टक्के कापतात आणि मालक 3.25 भरतो, तेवढं सुद्धा केलेलं नव्हतं. क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणे आमचं काम नोकरी दाखवण्यापर्यंत. असं असेल तर मग बोर्डवर तसं लिहा की.

आणि नुसता ऑपरेटर म्हणून पोरं तयार करून आता भागत नाही, हे मला भाच्याबरोबर तीन युनिट फिरताना कळलं. नव्या मशीनवर पीस उचलायला रोबोटचा हात असतो, एक पोरगा तीन मशीन बघतो, त्याचं काम फ्लॅश, म्हणजे कडेला आलेलं जादा प्लास्टिक, कापायचं आणि बॉक्स भरायचं. कॅरीबॅगवाली पोरं पण आता इकडंच येतात, कर्नाटकात 2016 ला बंदी आली, मग 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तू बंद झाल्या, आमच्या ओळखीतलं एक युनिट तेव्हाच बसलं. गरज आहे ती सेटरची, मोल्ड म्हणजे साचा मशीनवर चढवणाऱ्याची, टूलरूममध्ये (साचे बनवायच्या-दुरुस्तीच्या खात्यात) हात चालणाऱ्याची, आणि आपल्याकडं फाउंड्री-मशीनशॉपमधली पोरं असल्यानं त्यांनाच आधी उचलतात. तिकडं कोप्पळजवळ भानापूरला खेळण्यांचं क्लस्टर झालंय, 2020 ला बाहेरच्या खेळण्यांवरची ड्युटी 20 वरून 60 टक्के केली, नंतर 70, त्यामुळं खेळणी इथंच बनवायची मागणी वाढली, पण तिथं पण मोल्ड कळणाराच टिकेल असं मला वाटतं.

घरची तयारी असेल तर आयटीआयचा प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर ट्रेड एक वर्षाचा आहे, नाहीतर म्हैसूरचं सिपेट ही प्लास्टिकचं शिक्षण देणारी सरकारी संस्था, पण तिथं जाऊन राहायला लागतं आणि सगळ्यांना ते परवडत नाही. म्हणून तर जवळचा क्लास चांगला चालावा असं मनापासून वाटतं.

भाचा आता शिनोळीला लागलाय, ओळखीनं. पगार 15 हजार, महाराष्ट्रात असल्यानं प्रोफेशनल टॅक्स 200 कापतात, उद्यमबागेत तेवढ्या पगाराला कापला नसता, पण पीएफ आहे, ईएसआय कार्ड हातात आलंय आणि रात्रपाळीचा सेटर त्याला मोल्ड बदलायला सोबत घेतो.

शिकवण्याला पाचपैकी साडेचार, प्लेसमेंटला एक. फी भरायच्या आधी एवढं विचारा, मोल्ड चढवायला-उतरवायला पोराला किती दिवस देणार. आमच्या बॅचला तीन महिन्यांत चार दिवस मिळाले.