शेतीपंपाच्या पॅनेलसाठी फोर्थ: फ्लॅशफोर्थ, मेक्रिस्प-स्टेलारिस आणि जीफोर्थ

कुपवाड एमआयडीसीत किंवा मिरजेच्या आसपास ऑटो स्टार्टर आणि पंपाची पॅनेलं बनवणाऱ्या वर्कशॉपनी फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेकडे बघावं, याचं कारण सरळ आहे. पॅनेल नदीकाठी बसवून झाल्यावरही सिरियल केबल लावली की चिपशी थेट बोलता येतं. एक शब्द टाइप करून आर फेजचा करंट बघता येतो, ट्रिपची मर्यादा बदलून तिथल्या तिथे पुन्हा चालवता येतं. लॅपटॉपवर कंपायलर लागत नाही, तो चिपमध्येच असतो. शंका असते ती गतीची आणि कुठल्या चिपवर काय चालतं याची. म्हणून फ्लॅशफोर्थ, मेक्रिस्प-स्टेलारिस आणि जीफोर्थ हे फोर्थचे तीन प्रकार एकाच कामावर तोलून बघू.

काम थ्री फेज मोटरच्या संरक्षणाचं. चालू मोटरचा एक फेज गेला तरी त्या फेजवर मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघणारा स्टार्टर फसतो आणि वाइंडिंग जळतं. करंट मोजावाच लागतो. तीन व्होल्टेज, तीन करंट असे सहा चॅनेल. ५० हर्ट्झच्या एका सायकलला ३२ नमुने घेतले तर सेकंदाला ९,६०० रीडिंग होतात. प्रत्येकाचा वर्ग करायचा, बेरीज धरायची आणि सायकल संपली की सरासरीचं वर्गमूळ काढायचं.

फ्लॅशफोर्थ एटीमेगा३२८ वर चालतं, म्हणजे ऊनो बोर्डावरच्या चिपवर. मायक्रोचिपच्या पिक१८, पिक२४, पिक३० आणि पिक३३ या चिपांवरही चालतं. जुन्या पॅनेलांत पिक वापरलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे. १६ मेगाहर्ट्झवर एका रीडिंगच्या वाट्याला प्रोसेसरच्या साधारण १,६६६ क्लॉक सायकल येतात आणि हिशोबाला तेवढ्या पुरतात. अडतं दुसरीकडे. या चिपचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १२५ किलोहर्ट्झवर चालवला तर एका रीडिंगला १३ क्लॉक लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९,६१५ रीडिंग. ९,६०० हवेत, म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही. सायकलला १६ नमुने घ्या, ओव्हरलोड आणि सिंगल फेजिंग पकडायला तेवढे पुरतात. एडीसी फ्री-रनिंग ठेवला असेल तर आणखी एक काळजी घ्या. इंटरप्ट (रीडिंग झाल्याचा इशारा) येतो तेव्हा पुढचं रीडिंग आधीच सुरू झालेलं असतं, त्यामुळे चॅनेल बदलला तरी तो त्याच्या पुढच्या रीडिंगपासून लागू होतो. हे विसरलं की वाय फेजचा आकडा बी फेजच्या नावावर जमा होतो, आणि बेंचवर तिन्ही फेजना सारखा लोड असेल तर लक्षातही येत नाही.

खरा फरक सेलच्या, म्हणजे फोर्थ एका वेळी धरतं त्या आकड्याच्या, रुंदीचा आहे. फ्लॅशफोर्थचा सेल १६ बिटांचा. १० बिटांच्या एडीसीतून मधला आकडा वजा केला तरी ५१२ चा वर्ग २,६२,१४४ होतो, आणि बिनचिन्हाच्या सेलमध्ये ६५,५३५ च्या पुढे काही मावत नाही. साधं 'डुप *' (आकड्याची प्रत करून गुणाकार) लिहिलं तर वरचे बिट गुपचूप गळतात. एररही येत नाही, करंट फक्त कमी दिसतो. संरक्षणाच्या उपकरणात याहून वाईट चूक नाही. इथे 'एम*' घेऊन दोन सेलचा गुणाकार करायचा आणि 'डी+' ने बेरीज धरायची. काम होतं, पण स्टॅकवर (आकडे ठेवायच्या चळतीवर) दोन-दोन सेलची ने-आण वाढते आणि कोड वाचायला जड जातो.

बसवतानाची एक अडचण: ऊनोच्या नेहमीच्या बूटलोडरमधून (चिपमध्ये प्रोग्रॅम भरून घेणाऱ्या कोडमधून) फ्लॅशफोर्थ चढत नाही. या चिपवर फ्लॅशमध्ये लिहिणारा कोड बूट विभागातूनच चालावा लागतो आणि ती जागा फ्लॅशफोर्थला स्वतःसाठी हवी असते. यूएसबीएएसपीसारखा आयएसपी प्रोग्रॅमर लागतो आणि चिपचे फ्यूजही (सेटिंगचे बिट) बदलावे लागतात. फाइल पाठवताना टर्मिनलमध्ये एक्सऑन-एक्सऑफ (पाठवणं थांबवण्याचे-सुरू करण्याचे इशारे) चालू ठेवा, नाहीतर फ्लॅश लिहिली जात असताना अक्षरं गळतात.

मेक्रिस्प-स्टेलारिस याच कामावर सरस ठरतं. ते एआरएम कॉर्टेक्स-एम० पासून एम७ पर्यंतच्या चिपांसाठी आहे, सेल ३२ बिटांचा आहे आणि शब्द थेट मशीन कोडमध्ये कंपाइल होतो. ब्लू पिल बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ चा एडीसी १२ बिटांचा आहे. २,०४८ चा वर्ग ४१,९४,३०४, त्याच्या ३२ पट १३,४२,१७,७२८. हे सगळं एका सेलमध्ये आरामात बसतं. त्यामुळे वर्ग आणि बेरीज 'डुप * बेरीज +!' एवढ्यावर भागते. स्टॅकचा वरचा आकडा कायम रजिस्टरमध्ये असतो, स्थिरांकांचा हिशोब कंपाइल होतानाच उरकतो. एम३ आणि एम४ साठीची आरए आवृत्ती आणखी पुढे जाते: स्टॅकवरचे आकडे शक्य तितका वेळ रजिस्टरमध्येच धरते, मेमरीत ढकलणं आणि काढणं वाचतं. लूप किंवा इफ आलं की मात्र तिला सगळं नेहमीच्या जागी परत मांडावं लागतं, म्हणून इंटरप्टमधला कोड सरळ आणि बिनफाट्यांचा लिहिला तर तिचा फायदा पुरेपूर मिळतो.

हा बोर्ड ८ मेगाहर्ट्झवर सुरू होतो, तिथे एका रीडिंगला ८३३ क्लॉक सायकल मिळतात. मोजमापाला त्या पुरतात, डिस्प्ले आणि मोडेम जोडला की ७२ मेगाहर्ट्झवर जा. क्रम पाळा: आधी फ्लॅशचे दोन वेट स्टेट (फ्लॅश वाचताना थांबायच्या सायकल), मग एपीबी१ या चिपमधल्या बसला दोनने भाग (त्याची मर्यादा ३६ आहे), एडीसीला सहाने भाग (१४ च्या वर नेऊ नका), मग ८ च्या क्रिस्टलवर नऊपट पीएलएल (क्लॉक वाढवणारा भाग), आणि क्लॉक बदलल्याबरोबर यूएआरटीच्या (सिरियल पोर्टच्या) बॉड, म्हणजे वेगाच्या, रजिस्टरमध्ये ६२५. वेट स्टेट द्यायचे राहून गेले तर चिप लटकते. बॉड बदलायचा राहिला तर चिप चालू असते पण टर्मिनलवर कचरा दिसतो. हे सगळं एकाच शब्दात बांधा. एकेक ओळ टाइप करायला गेलात तर क्लॉक बदलल्यानंतरची ओळ चिपला समजणारच नाही.

मेक्रिस्पच्या काही सवयी वेगळ्या आहेत. 'व्हेरिएबल' स्टॅकवरून सुरुवातीची किंमत उचलतो, म्हणून '० व्हेरिएबल बेरीज' असं लिहायचं. दुसरीकडचा कोड तसाच चिकटवला तर स्टॅक रिकामा पडतो. अपूर्णांकाला स्वल्पविराम लागतो, टिंब दिलं तर तो दोन सेलचा पूर्णांक होतो. 'इनिट' नावाचा शब्द फ्लॅशमध्ये ठेवला की वीज येताच तो आपोआप चालतो. त्यात न संपणारा लूप असेल तर प्रॉम्प्ट कधीच येत नाही आणि चिप पुन्हा भरावी लागते. म्हणून 'इनिट'च्या सुरुवातीला थोडा वेळ थांबून 'की?' तपासा, कळ दाबली असेल तर बाहेर पडा. मोटर चालू असताना फ्लॅशमध्ये नोंदी लिहू नका. पेज पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात प्रोसेसर थांबतो आणि एक-दोन सायकलचं मोजमाप हुकतं.

जीफोर्थ पीसीसाठी. ते या चिपांवर जात नाही, पण ट्रिपचं लॉजिक आधी लॅपटॉपवर तपासायला उत्तम आहे. 'जीफोर्थ' नावाचं इंजिन चूक नेमकी कुठे झाली ते सांगतं, 'जीफोर्थ-फास्ट' वेगवान आहे पण चुकीची जागा तितकी नीट दाखवत नाही. म्हणून तपासताना पहिलंच वापरा. वेग डायनॅमिक कोड कॉपी करण्यातून, म्हणजे तयार मशीन कोडचे तुकडे जोडण्यातून, येतो. 'नो-डायनॅमिक' पर्याय देऊन आणि न देता तोच प्रोग्रॅम चालवा. वेळेत फरकच पडला नाही तर तुमच्या मशीनवर ती सोय लागू झालेली नाही. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की ६४ बिटी पीसीवर सेल ६४ बिटांचा असतो. वर सांगितलेलं १६ बिटांचं गळणं तिथे कधीच दिसणार नाही. पत्ता पुढे नेताना '४ +' न लिहिता 'सेल+' लिहा.

एआरएम चिपवर मल्टिटास्किंग हवं असेल तर झेप्टोफोर्थ बघा, ते आरपी२०४० वरही चालतं. पीसीवर निखळ वेग हवा असेल तर व्हीएफएक्स किंवा स्विफ्टफोर्थ. मात्र एक्स८६ वर मशीन कोड बनवणाऱ्या कुठल्याही फोर्थमध्ये सतत बदलणारं व्हेरिएबल कोडला चिकटून राहिलं तर प्रोसेसरची कॅश (जलद तात्पुरती मेमरी) पुन्हापुन्हा बाद होते आणि वेग कोसळतो.

कुणाचाही दावा न मानता वेग स्वतः मोजा: इंटरप्ट सुरू होताना एक पिन हाय, संपताना लो, आणि स्कोपवर पल्सची रुंदी बघा. ती सर्वात वाईट स्थितीत, म्हणजे वर्गमूळ आणि डिस्प्ले चालू असताना, १०४ मायक्रोसेकंदांच्या निम्म्याहून कमी हवी.

ब्लू पिल मागवताना चिप नकली निघण्याची शक्यता धरून चला. ओपनओसीडी या डिबगिंग सॉफ्टवेअरने जोडल्यावर आयडीकोड (चिपची ओळख) १ ऐवजी २ ने सुरू झाला तर ती एसटीची चिप नाही. अशी पॅनेलमध्ये घालू नका. तिन्ही फोर्थ जीपीएल या खुल्या सोर्सच्या परवान्याखाली आहेत आणि पॅनेल विकताना चिपमधून फ्लॅशफोर्थ किंवा मेक्रिस्पचा कर्नलही गिऱ्हाइकाकडे जातो, तेव्हा सोर्स देण्याच्या अटी पहिलं पॅनेल विकण्याआधी वाचून घ्या.