लार्गो येथील सलून : वर्षभराच्या अनुभवानंतर

मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहायला आल्यावर माझे कृष्णवर्णीय शेजारी मला लार्गो येथील त्यांच्या नेहमीच्या सलूनमध्ये घेऊन गेले, आणि तेव्हापासून वर्षभर मी तेथेच केस कापून घेतो आहे. कारागिरी उत्तम आहे. कानशिलापासून वर दाट होत जाणारा ‘फेड’ पद्धतीचा कट कोठेही पायरी न दिसता उतरतो आणि कपाळावरची कड वस्तऱ्याने नेमकी आखली जाते. माझ्यासारख्या सरळ केसांचा सराव कमी असूनही न्हाव्याने पहिल्या खेपेस विचारून विचारून कात्री चालवली. 40 डॉलर मला योग्य वाटतात. वेळ ठरवूनही शनिवारी तासभर थांबावे लागते, ही मात्र खरी उणीव आहे.

तो तास कसा जातो, हे सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने घरविक्रीतील वर्णभेदाला बंदी घातल्यानंतर वॉशिंग्टनमधील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे या काउंटीत येत गेली आणि 1990 च्या जनगणनेत कृष्णवर्णीय येथे बहुसंख्य ठरले. बाकावर बसलेले वकील, अभियंते, सरकारी अधिकारी याच काउंटीतील बोवी आणि मिचेलविलच्या प्रशस्त घरांतून येतात. माझ्या शेजाऱ्यांना पोटोमॅक नदीपलीकडे व्हर्जिनियातील फेअरफॅक्समध्येही घर परवडत होते. मुलांनी आपल्या माणसांत वाढावे म्हणून त्यांनी ही बाजू निवडली. कार्यालयातील बैठकीत बहुतेक वेळा ते एकटेच कृष्णवर्णीय असल्याने तेथे आवाजाची पट्टीसुद्धा जपावी लागते, आणि येथे ती जपावी लागत नाही, असे त्यांनी मला एकदा सांगितले.

गेल्या महिन्यात गाडी शिकू लागलेला एक मुलगा खुर्चीत होता. न्हाव्याने आधी त्याच्या गणिताच्या गुणांची चौकशी केली आणि मग, त्याच स्वरात, पोलिसांनी गाडी थांबवल्यास दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, हे क्लिपर बंद करून समजावले. मुलाचे वडील स्वतः वकील आहेत. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि बाकावरचे सगळेच क्षणभर गप्प झाले.

गुरुवारी दुपारी गेल्यास थांबावे लागत नाही. मी शनिवारीच जातो.